सेल म्हणजे छोटी खोली

शाळेत ‘पेशी’चा धडा आला की आपली मुले व्याख्या पाठ करून मोकळी होतात. पुढे कॉलेजात तीच पेशी ‘सेल’ म्हणून समोर आली की बुजतात. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीतल्या मुलांनी तरी या शब्दाला बुजू नये, असे आम्हाला वाटते. कारण हा शब्द मुळात खोलीचा आहे. आणि १६० चौरस फुटांची खोली म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

लॅटिन भाषेत ‘सेला’ म्हणजे लहान खोली, कोठी. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे दिसले. त्यांना त्याने सेल म्हटले. गंमत अशी की त्या खोल्या ओसाड होत्या! बूच म्हणजे झाडाची वाळकी साल. आतला जीव केव्हाच संपलेला, उरल्या होत्या नुसत्या भिंती. सगळी झाडे आणि सगळे प्राणी अशा पेशींचेच बनलेले आहेत, हे श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८-३९ मध्ये मांडले. माणसाच्या पेशीला तर भिंतही नसते, पातळ पटल असते. तरी नाव खोलीचेच राहिले.

तुरुंगातली कोठडी, अंदमानचा सेल्युलर जेल, बॅटरीतला सेल ही सगळी याच घरातली भावंडे. कान्हेरी लेण्यांतल्या भिक्खूंच्या दगडी खोल्यांनाही इंग्रजी पुस्तके सेलच म्हणतात.

हिंदीने या सेलला ‘कोशिका’ म्हटले, मराठीने ‘पेशी’. पेशी म्हणजे मुळात मांसाचा गोळा. आपल्या धम्मग्रंथांना हा शब्द परका नाही. संयुत्त निकायातल्या इंदक सुत्तात गर्भाच्या वाढीचे टप्पे येतात: कलल, अब्बुद, पेसि, घन. बुद्धांना सूक्ष्मदर्शकातली पेशी माहीत होती, असे आम्ही म्हणणार नाही. तसले दावे करणारे दुसरे पुष्कळ आहेत. पण उत्तराची रीत पाहा. हे शरीर जीवाला मिळते कसे, असे इंदक यक्षाने विचारले होते. भगवंतांनी आत्म्याचे नावही काढले नाही. गर्भ कसा टप्प्याटप्प्याने घडतो ते सांगितले, आणि आई जे खाते-पिते त्यावरच तो पोटात जगतो, हेही सांगितले.