टाकी उपसण्याचा हंगाम

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत घरामागे जमिनीत पुरलेली शौचालयाची टाकी केव्हा उपसावी, हा प्रश्न वरकरणी ती भरली की नाही एवढ्यावर सुटेल असा वाटत असला, तरी त्याचे अर्धे उत्तर टाकीभोवतीच्या मातीत आणि त्या मातीतील पाण्याच्या पातळीत असते. या झाडीपट्टीतील शेतकरी मातीला कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी नावे देतो. त्यांपैकी कन्हार ही काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी, तर बरडी ही मुरमाड आणि पाणी झपाट्याने खाली सोडणारी. श्रावणात बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यात, पाणी उभे असते तेव्हा सखल भागातील परसातही हात-दोन हात खणताच पाणी लागते, आणि अशा वेळी उपसलेली टाकी पाण्यात ठेवलेल्या रिकाम्या होडीसारखी वागू लागते.

याचे कारण प्लावक बल, म्हणजे बुडालेल्या वस्तूला पाण्याने वर लोटणारे बल. २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल टाकीत ३ हजार लिटर मावतात. ती रिकामी असताना भोवतीचे पाणी काठापर्यंत चढले, तर तिला वर लोटणारे बल ३ टन वजनाहून कमी नसते. तयार प्लास्टिकची हलकी टाकी अशा वेळी माती फोडून वर येते आणि तिला जोडलेले नळ तुटतात. विटांची टाकी वजनामुळे सहसा जागा सोडत नाही, पण तिच्या तळाला खालून दाब बसून तडे जातात, व त्या तड्यांतून पुढे मैलापाणी विहिरीच्या झऱ्यांपर्यंत पोचू शकते. भामरागडसारख्या गावात, जिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती जवळजवळ येतात आणि जिथे २०१९ च्या पावसाळ्यात पूर पुन्हा पुन्हा वस्तीत शिरला, तिथे हा विचार पुस्तकी राहत नाही.

मोठ्या नौकेवर मैल्यासाठी चहूबाजूंनी बंद साठवण टाकी असते आणि तिच्यात गेलेले सर्व काही पुढे उपसावेच लागते. घरामागची टाकी म्हणजे सेप्टिक टँक, आणि तिची रचना वेगळी आहे. तिच्यात जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट व हलका भाग वर सायीसारखा जमतो आणि मधले पाणी निर्गम नळाने शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात जाते. गाळाचा अंदाज माणशी वर्षाला सुमारे ७५ लिटर धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घरात तीन वर्षांत ११०० लिटरांहून अधिक गाळ साचतो, आणि म्हणूनच दोन-तीन वर्षांनी उपसा करावा असा दंडक आहे. बहुतेक घरी मात्र शौचकूप तुंबल्यावरच, तेही नेमके पावसाळ्यात, उपशाची आठवण होते. कन्हार मातीत तर शोषखड्डा पाणी घेईनासा झाल्याने टाकी भरल्याचा भास होतो आणि उपसूनही थोड्या दिवसांत स्थिती पूर्ववत होते.

उपशाची गाडी मैला ओढून घेते असे म्हटले जात असले, तरी तिचा पंप प्रत्यक्षात टँकरमधील हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब मैल्याला नळीतून वर ढकलतो. हवेचा दाब पाण्याचा सुमारे १० मीटरांचाच स्तंभ पेलू शकतो, म्हणून व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडे हा उपाय थकतो. वरची साय लांब दांड्याने फोडली जाते, घट्ट गाळात पाणी सोडून तो पातळ केला जातो, नळीचे तोंड तळावर फिरवले जाते. थोडा गाळ मात्र मुद्दाम राखतात, कारण त्यातील जिवाणू नव्या मैल्याला विरजणासारखे उपयोगी पडतात.

तळाला चिकटलेला घट्ट थर नळीने निघत नाही, आणि माणूस आत उतरवण्याचा मोह होतो तो याच क्षणी. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहतो. त्याचे प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेले की नाक बधिर होते, आणि वास थांबला म्हणजे धोका टळला असे उतरणाऱ्याला वाटते. पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींवर लादल्या गेलेल्या या कामात संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपयांची भरपाई ठरवली. वास्तविक तो थर पाणी घालून भिजू द्यावा आणि गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा आणावी, एवढाच त्याचा उपाय आहे, आणि त्या दुसऱ्या खेपेचे पैसे वाचवण्याला कोणतेही समर्थन असू शकत नाही.

गाडीत आलेला मैला बांधीत किंवा नाल्यात ओतला, तर जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि रोवणीसाठी अनवाणी चिखलात उतरणाऱ्या बायकांच्या हातापायांना लागतात, म्हणून तो प्रक्रिया केंद्रातच गेला पाहिजे. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी असे केंद्र उभारून सुमारे तीन वर्षांनी प्रत्येक टाकी क्रमाने उपसण्याचे वेळापत्रक लावले. झाडीपट्टीत तसे वेळापत्रक आखायचे तर ते वर्षभर सारखे पसरता येणार नाही. सखल वस्त्या माघापासून वैशाखापर्यंत आधी आटोपून उंच, बरडीवरची घरे नंतरसाठी ठेवावी लागतील.

उपसा होताच टाकी साध्या पाण्याने भरावी असा सल्ला दिला जातो, परंतु मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असताना ३ हजार लिटर पाणी त्यासाठी मागणे निर्दयपणाचे होईल. तशी गरजही नसते, कारण तेव्हा भूजल खोल गेलेले असते आणि पाच माणसांच्या शौचालयातून रोज दीडशे लिटर पाणी आत गेले, तरी टाकी वीस दिवसांत भरते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात उपसलेली टाकी त्यामुळे मृगाच्या सरींपूर्वी आपल्याच वजनाने जमिनीत पुन्हा स्थिर झालेली असते.