धुक्यातील गड आणि सूत्रधाराचा संयम
ट्रेसी आणि लॉरा हिकमन या अमेरिकी दांपत्याचे ‘रेव्हनलॉफ्ट’ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी रचलेली ही भयकथा. सूत्रधार प्रसंग सांगतो. खेळाडू पात्रे होऊन, फासे टाकून तो पुढे नेतात.

धुक्याने वेढलेल्या बारोव्हियाच्या गडावर रक्तपिपासू सरदार स्ट्राड राहतो. भावाच्या वाग्दत्त वधूच्या मोहापायी त्याने भावालाच मारले. अमरत्व लाभले, ती मात्र लाभली नाही.

म्हणूनच सूत्रधाराने राक्षसांची गर्दी करू नये. बंद दारे, दूरची घंटा, स्ट्राडचे सौजन्यपूर्ण निमंत्रण पुरेसे असते. कोणते प्रसंग नकोत, हे खेळाडूंना आधीच विचारावे. स्ट्राडची खरी भीती त्याच्या सुळ्यांत नाही. न शमणाऱ्या आसक्तीत आहे.