नकोसा विचार आणि वैद्याचा धीर

बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी एक तरुण माता सासूबाईंसह आमच्या चिकित्सालयात आली. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, एवढीच तक्रार. सासूबाई औषधे घेण्यास बाहेर गेल्या, तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, विळीवर भाजी चिरताना मनात येतं, माझ्याच हातून बाळाला काही झालं तर? मी इतकी वाईट आहे का हो?" तिने विळीला हात लावणे सोडले होते. बाळाला न्हाऊ घालणेही सासूबाईंवर सोपविले होते. विचार आला की ती मनातल्या मनात एकवीस वेळा देवाचे नाव घेई. मोजणीत चूक झाल्यास पुन्हा प्रारंभापासून.

आम्ही तिला धीर दिला, "तुमच्या हातून असे कदापि होणार नाही." ती शांत झाली, मात्र चार दिवसांनी तोच प्रश्न घेऊन परत आली. पुढे रोज दूरध्वनी येऊ लागले. आमचा धीर हाच तिच्या व्याधीचा आहार झाला होता, हे उमगण्यास आम्हांस महिना लागला. तो महिना इतर वैद्यबंधु-भगिनींचा वाया जाऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

वारंवार हात धुणाऱ्यास आपण मंत्रचळ म्हणून ओळखतो. परंतु ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर अर्थात ओसीडी या व्याधीत कर्मकांड पूर्णतः मनातही चालू शकते. प्रसूतीनंतर तो नव्याने उद्भवू शकतो. रॅकमन व डी सिल्व्हा यांनी १९७८ साली दाखवून दिले की असे विचित्र, नकोसे विचार बहुसंख्य निरोगी माणसांच्या मनातही येतात. निरोगी मनुष्य ते सोडून देतो. रुग्ण त्यात स्वतःचा हेतू शोधतो. ज्या मातेस बाळ प्राणाहून प्रिय, तिलाच हा विचार जाळतो.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या प्रथम अध्यायात चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय व संकल्प्य असे मनाचे विषय सांगितले आहेत. आमच्या मते रुग्णास समजावण्याचे सूत्र येथेच आहे : मनात आलेले चिंत्य म्हणजे संकल्प नव्हे. काही विद्वान या व्याधीस अतत्त्वाभिनिवेश म्हणतात. तथापि त्यात बुद्धी हितास अहित मानते, तर ओसीडीच्या बहुतेक रुग्णांस आपला विचार अवास्तव असल्याचे भान असते. म्हणून घाईने समीकरण मांडू नये.

सत्त्वावजय म्हणजे विचार बळाने हाकलणे, असाही अर्थ करू नये. दाबलेला विचार अधिक उसळतो, हे वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगांत दिसले आहे. निग्रह करावयाचा तो कर्मकांडाचा. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी मांडलेल्या उपचाराचे तत्त्व हेच : भीतीच्या विषयास क्रमाक्रमाने सामोरे जावे आणि मोजणी, टाळाटाळ व पुनःपुन्हा खात्री मागणे थांबवावे. अस्वस्थता येते, काही न करता थांबल्यास आपोआप ओसरते. हा उपचार प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडूनच व्हावा. एसएसआरआय वर्गातील औषधांचा गुण येण्यास बहुधा आठ ते बारा आठवडे लागतात. स्तन्यपान चालू असता त्यांचा निर्णय मनोविकारतज्ज्ञांनी घ्यावा. ती अचानक बंद करण्याचा सल्ला आपण देऊ नये.

एक भेद प्राणरक्षक आहे. विचाराने माता भयभीत होत असेल, तर बहुधा ओसीडी. परंतु तिला आवाज ऐकू येत असतील, बाळात काही अमानुष आहे अशी तिची खात्री असेल, किंवा ती स्वतःच्या जिवाविषयी निराश बोलत असेल, तर तो आत्ययिक प्रसंग होय. तिला व बाळाला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

औषधालयाच्या चालकांसही विनंती. निद्रानाशासाठी सर्पगंधायुक्त वटी मागणाऱ्यास ती परस्पर देऊ नये. तिने विषण्णता वाढू शकते. काउंटरवर टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक लावून ठेवावा.

आम्ही त्या मातेस मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. धीराचा प्रश्न आला की त्यांच्याच सूचनेनुसार एवढेच म्हणत असू, "याचे उत्तर आज आपण देणार नाही. अस्वस्थता राहू द्या." हे म्हणणे आम्हांसही जड गेले. काही महिन्यांनी सासूबाई एकट्या आल्या, गुडघ्यांसाठी तेल न्यावयास. सून घरी विळीवर भाजी चिरत होती. बाळ जवळच पाळण्यात होते.