‘खान की बाण’ ते मशाल : परभणीच्या राजकारणातील धर्म

परभणी जिल्ह्यात मतांसाठी धर्माचा उघड वापर सुरू झाला तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि रझाकारांच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जात. तरीही पुढची अनेक वर्षे इथल्या निवडणुका बहुधा काँग्रेस आणि शेतकरी कामगार पक्ष यांच्यात झाल्या. परभणीतल्या तुराबुल हक दर्ग्याच्या फेब्रुवारीतल्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही जात, आजही जातात.

१९८९ मध्ये शिवसेनेच्या पाठिंब्यावर अशोकराव देशमुख लोकसभेवर गेले. मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या परभणीत, औरंगाबादप्रमाणेच, ‘खान हवा की बाण’ ही घोषणा रुळली. बाण म्हणजे पक्षाची निशाणी. पण घोषणेचा रोख समोरच्या उमेदवारापेक्षा त्याच्या समाजावर होता. सिंचन, कापसाचा भाव, रोजगार हे प्रश्न तिच्यापुढे मागे पडले. धर्माच्या नावावर मते मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार गैर आहे. मुंबईतल्या पार्ल्याच्या पोटनिवडणुकीबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये शिवसेनेच्या पाठिंब्यावर लढलेल्या रमेश प्रभू यांची निवड रद्दच ठेवली, पण हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे असेही म्हटले. प्रचारकांनी यातले दुसरे वाक्य तेवढे उचलले.

निवडून आलेल्यांची निष्ठा मात्र घोषणेइतकी पक्की नव्हती. देशमुख पुढे काँग्रेसमध्ये गेले. २००४ मध्ये शिवसेनेकडून निवडून आलेले तुकाराम रेंगे पाटील जुलै २००८ मध्ये केंद्र सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाला गैरहजर राहिले आणि नंतर त्यांनीही काँग्रेस गाठली. हिंदुत्वाच्या नावावर मिळालेली मते अशी धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या गोटात गेली. त्या गोटाचे वागणेही निर्दोष नव्हते. रमजानमधली इफ्तार आणि दर्ग्यावरची चादर यांवर मुस्लिमांची बोळवण करण्याची सवय त्याला जडली होती. २०१४ च्या विधानसभेत परभणीत एमआयएम दुसऱ्या क्रमांकावर आली आणि २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीच्या आलमगीर खान यांना सुमारे दीड लाख मते पडली, ती मुस्लिम मतदारांच्या याच नाराजीतून. शिवसेनेच्या संजय जाधवांचे मताधिक्य त्या वेळी ४२ हजारांच्या आसपास होते.

सर्वांत बोलके प्रकरण जिल्ह्यातल्या पाथरीचे. साईबाबांचा जन्म इथल्या भुसारी कुटुंबात झाला, असा दावा विश्वास खेर यांच्या संशोधनातून पुढे आला आणि त्या जागेवर मंदिर उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपये जाहीर करताना तिला साईंची जन्मभूमी म्हटले. शिर्डीकरांनी गाव बंद ठेवले. जन्मस्थान ठरले की जात आणि धर्मही ठरतो, आणि बाबांनी तर आयुष्यभर ते सांगितले नाही, हा त्यांचा आक्षेप वजनदार होता. मशिदीत राहून धुनी पेटवणाऱ्या फकिराला एका घराण्यात बसवणे म्हणजे त्याचे सर्वांचे असणे हिरावून घेणेच. पण पाथरीची बाजू हिरिरीने मांडणारे कृती समितीचे नेते होते राष्ट्रवादीचे आमदार बाबाजानी दुर्राणी. ब्राह्मण घरात जन्म मानला गेलेल्या संताच्या जन्मस्थानासाठी एक मुस्लिम नेता झगडत होता. यात गावाचा अभिमान होता, तीर्थक्षेत्राचा पैसा होता आणि सर्वधर्मसमभावी प्रतिमाही होती. तिन्ही वेगळे काढता येत नाहीत. अखेर शिर्डीकरांशी बैठक झाली, पाथरीचा उल्लेख जन्मभूमी म्हणून न करण्याचे ठरले आणि विकासनिधी तेवढा कायम राहिला.

२०२२ मध्ये शिवसेना फुटली. या वेळी खासदार जाधव ठाकरेंसोबत राहिले. धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाकडे गेला आणि ठाकरे गटाला मशाल मिळाली. २०२४ च्या लोकसभेत शिंदे गट सामील असलेल्या भाजपप्रणीत महायुतीने राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर यांना उभे केले. त्यांच्यासाठी पंतप्रधान मोदींनी परभणीत सभा घेतली. तरीही जाधव १ लाख ३४ हजार मतांनी निवडून आले. ज्या वस्त्यांविरुद्ध एकेकाळी बाणाची घोषणा दिली जाई, तिथली मते मोठ्या प्रमाणात मशालीला पडली. नोव्हेंबरमधल्या विधानसभेत राज्यभर महायुतीची लाट असतानाही परभणी शहराची जागा ठाकरे गटाच्या राहुल पाटील यांनी राखली.