बसवाहकाची चिकाटी

नटाचे वैभव डोळ्यांत भरते. त्यामागील कष्ट सहसा दिसत नाहीत. रजनीकांत यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. त्यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळूर येथे एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई. मातृछत्र बालपणीच हरपले. पोटासाठी त्यांनी हमाली केली, पुढे शहरातील बसवर कंडक्टरची नोकरी पत्करली. परंतु नाटकांचा नाद सोडला नाही. एका बसचालक मित्राच्या आग्रहामुळे व साहाय्यामुळे ते मद्रासच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेत दाखल झाले. तेथे दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्यांचे गुण हेरले आणि तमिळ शिकण्याचा सल्ला दिला. घरी मराठी, भोवती कन्नड. त्यांत ही तिसरी भाषा त्यांनी परिश्रमपूर्वक आत्मसात केली. १९७५ मधील ‘अपूर्व रागंगल’ या चित्रपटात वाट्यास आलेली भूमिका लहानच होती; मात्र याच भाषेने पुढे त्यांना लोकांच्या हृदयात नेऊन बसविले. २०२१ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना त्यांनी गुरू बालचंदर, वडील बंधू आणि तो बसचालक मित्र यांचे कृतज्ञतेने स्मरण केले. चिकाटी ज्याची त्याची असते. पण तिला हात देणारेही कोणी असावे लागतात, याची ही प्रांजळ कबुलीच होय.