आपल्या राज्याची सजीव प्रतीके

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस, दाट वस्तीच्या मधोमध, एक उत्तुंग कृष्णपाषाण उभा आहे. त्यास गिल्बर्ट टेकडी म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त रस थिजून तो घडला. सह्याद्रीचे कडेही त्याच युगातील ज्वालामुखींची निर्मिती होत. उपनगरातील विद्यार्थ्यांस सह्याद्री दूर वाटतो. परंतु त्याचा हा भाऊबंद असा त्यांच्या शेजारीच आहे.

सह्याद्री हा महाराष्ट्राचा कणा. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (1,646 मीटर) ह्याच पर्वतात आहे. गोदावरी व कृष्णा ह्याच्याच कुशीत उगम पावतात आणि पूर्वसमुद्रास मिळतात.

पर्वत पुरातन असला तरी राज्य मात्र वयाने लहान आहे. 1956 साली मराठी व गुजराती मुलूख एकत्र करून द्वैभाषिक मुंबई राज्य करण्यात आले. मुंबईसह मराठी भाषिकांचे स्वतंत्र राज्य व्हावे, ह्या मागणीसाठी झालेल्या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण वेचले. अखेर 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मुंबईतील हुतात्मा चौकात त्या वीरांचे स्मारक आहे.

ह्या राज्याने आपला मानाचा प्राणी म्हणून सिंह किंवा हत्ती निवडला नाही. निवडली ती शेकरू ही मोठी खार! झुपकेदार शेपटीची, तांबूस पाठीची ही खार उंच झाडांवर काटक्यापानांची घरटी बांधते आणि ह्या फांदीवरून त्या फांदीवर झेपावत हिंडते. जमिनीवर ती क्वचितच उतरते. म्हणून रान मधेच तुटले, की तिची वाटच खुंटते. मुद्रेवर कोरलेले चिन्ह जपणे सोपे. शेकरू जपावयाची तर सलग अरण्यच राखावे लागते. पुणे व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील भीमाशंकरचे रान 1985 साली अभयारण्य म्हणून घोषित झाले, ते प्रामुख्याने तिच्यासाठीच.

राज्यपक्षी हरियाल हाही वृक्षवासीच. वड, पिंपळ, उंबर ह्यांची फळे तो आवडीने खातो. आंबा हा राज्यवृक्ष. त्याची ओळख कोणास करून द्यावी?

तामण हे राज्यपुष्प. ऐन उन्हाळ्यात, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास, ही जांभळी फुले मुंबईच्या रस्त्यांच्या कडेलाही बहरतात. शाळेला सुट्टी असते, म्हणून ती अनेकांच्या दृष्टीस पडत नाहीत एवढेच. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात काळ्या पंखांवर निळी झळाळी मिरविणारी राणी पाकोळी आढळते. 2015 साली तिला राज्य फुलपाखराचा मान मिळाला. लिंबाच्या कुळातील झाडांवर ती अंडी घालते.

असाच मान खारफुटीतील पांढऱ्या चिप्पीचाही. 2020 साली ती राज्याचा कांदळवन वृक्ष ठरली. तिची श्वासमुळे चिखलातून टोकदार खुंट्यांसारखी वर येतात व ओहोटीच्या वेळी हवा घेतात. मुलुंड व घाटकोपरच्या पूर्वेस, ठाणे खाडीच्या काठी, खारफुटीचे असे पट्टे आजही भरतीच्या लाटांचा जोर मोडीत उभे आहेत.