बेघर श्रमिक

बेघर श्रमिक : निश्चित व टिकाऊ निवारा नसलेली, तथापि मजुरी अथवा किरकोळ व्यवसाय करून उपजीविका चालविणारी माणसे. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, जिन्याखाली, देवळांच्या आवारात वा रेल्वे-फलाटावर उघड्यावर राहणाऱ्यांची भारतीय जनगणनेत स्वतंत्र नोंद होते. २०११ मध्ये अशी सु. १७.७ लक्ष माणसे देशात आणि सु. २.१ लक्ष महाराष्ट्रात आढळली. बेघर म्हणजे निरुद्योगी, हा समज रूढ असला तरी चुकीचा आहे. पुष्कळ बेघर कामाजवळ राहता यावे म्हणूनच घरावाचून राहतात. मुंबईच्या पदपथवासीयांची ही बाजू ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानली व उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सांगितले. झोपड्या हटविण्यास मात्र कायमची मनाई केली नाही.

गावी घर असूनही वर्षाचा मोठा भाग बेघरपणात काढणारा वर्ग मराठवाड्यात मोठा आहे. नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुका बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात मोडतो. जमीन बरीचशी हलकी व शेती मुख्यतः कोरडवाहू. खरिपाची सुगी आटोपली की तांड्यांतील व वाड्यांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे, वीटभट्ट्यांवर, किंवा हैदराबाद, पुणे, मुंबई येथील बांधकामांवर जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे.

ऊसतोडीत मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि मजुरी कोयत्यावर मोजली जाते. स्त्रीच्या श्रमाचा वेगळा हिशेब राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनास ३६६ रु. ठरला. पण मिळकत आधी उचलीत वळती होते, आणि ती फिटली नाही तर पुढील हंगाम त्याच मुकादमाकडे बांधला जातो. केवळ दरवाढीने या कुटुंबांची स्थिती पालटत नाही, ती यामुळे.

मुक्काम बांबू, पाचट व ताडपत्रीच्या कोपीत असतो. तेथे बहुधा नळ, वीज वा शौचालय नसते. कोपीला छप्पर असल्याने तीतील माणसे जनगणनेतील बेघरांच्या व्याख्येच्या कडेवरच राहतात.

या श्रमिकांच्या गरजा साध्या आहेत : पाणी, शौचालय, गर्भवतींची तपासणी, मुलांचे लसीकरण व शाळा. अडचण आहे ती पत्त्याची. कारण बहुतेक सेवा गावच्या नोंदीशी जोडलेल्या असतात. २०१९ पासून शिधापत्रिका अन्यत्र वापरता येऊ लागली. मुलांसाठी पूर्वी साखरशाळा निघाल्या. पुढे मुले गावाकडेच राहून शिकावीत म्हणून संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात (२०१३) एक लक्ष नागरी लोकसंख्येमागे शंभर माणसांच्या निवाऱ्याचे प्रमाण ठरविले गेले. परंतु उसाचा फड शहराबाहेर असतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाने निवासाची जबाबदारी ठेकेदारावर टाकली, तीही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरती. मुखेडहून कोल्हापूरला जाणारा तोडणी कामगार तिच्या कक्षेत आला नाही.